डोळे मिटणारा शिलेदार

“पण मला सांगा, त्या घोडीचं वय काय?” चष्मेवाला मुलगा इरेला पेटला होता. “पहिल्या भागात ती तीन वर्षांची. त्यानंतर किती हंगाम गेले! एव्हाना तिला नीट चालता यायला नको. आणि बाईसाहेब अजून शर्यती मारतायत!”

सगळी मुलं खिदळली. लायब्ररीच्या बाईही हसल्या. चिऊचा बाप बारक्याही पोरांत बसला होता, तो मात्र हसायचं म्हणून हसला.

लायब्ररीतल्या मुलांच्या खोलीत बुटकं गोल टेबल होतं आणि त्याभोवती लाल-पिवळ्या खुर्च्या. मोठ्या माणसाला तिथे गुडघे हनुवटीला टेकवून बसावं लागे. बारक्याला ती खुर्ची मापाने शिवून घेतल्यासारखी बसली होती. दर शनिवारी सकाळी इथे पोरं जमत आणि ‘ठिणगी’ मालिकेवर तावातावाने भांडत. ठिणगी नावाची तांबूस घोडी आणि तिच्यावर बसणारा जॉकी, ज्याला पुस्तकात सगळे शिलेदारच म्हणतात, यांच्या शर्यतींच्या गोष्टी. बारक्या स्वतः शाळेत असताना ही मालिका सुरू झाली होती. कव्हर फाटलेले पहिले तीन-चार भाग त्याने बाकाखाली धरून वाचले होते. तो घोड्यांच्या नादाला लागला तो त्यामुळेच. पण हे त्याने तबेल्यात कधी कोणाला सांगितलं नव्हतं. हसून हसून मेले असते सगळे.

या आठवड्यात मात्र बाईंनी चिऊला विचारलं होतं, “तुझे बाबा खरे जॉकी आहेत ना गं? आणशील त्यांना?” आणि चिऊने न विचारताच हो म्हणून टाकलं होतं. लेकीचा शब्द पडू द्यायचा नाही म्हणून बारक्या सकाळचा सराव उरकून, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता.

“मला विचाराल तर मधेच लेखक बदललाय,” चष्मेवाला म्हणाला. “आधीचा लेखक घोडीच्या घामाचा वास लिहायचा. आता नुसती धावाधाव.”

“काहीही! कव्हरवर तेच नाव आहे.”

“नावाचं काय? दुकानाचा मालक बदलला तरी पाटी तीच राहते की.”

“मला तर सगळे भाग सारखेच वाटतात,” तिसरा कोणीतरी बोलला. “ती मागे पडते, सगळे म्हणतात संपली आता, आणि मग जिंकते.”

“मग बिघडलं काय?” दोन वेण्यांची मुलगी एकदम उसळली. “मला तेच पाहिजे असतं! शाळेत काय होणार माहीत नसतं, घरी काय होणार माहीत नसतं. एका तरी ठिकाणी आधीपासून माहीत असू दे ना!”

चिऊ बापाच्या शेजारी बसली होती. टेबलाच्या कडेचा सुटलेला प्लॅस्टिकचा तुकडा नखाने उचकटत होती.

“बरं, आता नवा भाग,” बाई म्हणाल्या.

त्याबरोबर खोलीत गलका झाला. नव्या भागातली शेवटची शर्यत पोरांना फार आवडली होती. दोन वेण्यांची मुलगी उठून उभी राहिली आणि हात पसरून सांगू लागली. शेवटचं वळण येतं, डाव्या हाताला घोडा, उजव्या हाताला घोडा, पुढे भिंत असावी तसे घोडे. वाट नाही. तेव्हा शिलेदार काय करतो? डोळे मिटतो. लगाम सैल सोडतो आणि ठिणगीच्या मानेवर वाकून म्हणतो, तू बघ, मी नाही बघत. आणि ती घोडी सुईतून दोरा काढावा तशी त्याला बाहेर काढते.

“भारी!” कोणीतरी ओरडलं. “मी तीनदा वाचलं ते पान.”

खिडकी बंद करावी तसा बाहेरचा आवाज बंद झाला आणि बारक्याला आपल्याच कानातली धडधड ऐकू येऊ लागली.

गेल्या हंगामात तो पडला होता. पुढच्या घोड्याचा पाय दुमडला, बारक्याचा घोडा त्याच्यावर गेला आणि बाकीचे बारक्यावरून. गळ्याखालचं हाड आणि बरगड्या मोडल्या. हाडं सांधली, डॉक्टरांनी शिक्का मारला, तो परत चढला. परतल्यावर पहिल्याच शर्यतीत, वळणावर घोडे दोन्ही बाजूंनी दाटले आणि त्याच्यासमोर काळोख झाला. त्याला वाटलं, धूळ गेली डोळ्यात. दुसऱ्या वेळी कळलं की धूळबीळ काही नाही, त्याचे डोळे मिटत होते. तो मिटत नव्हता, ते आपोआप मिटत होते. क्षणभरच. पण त्या वेगात क्षणभरात काय काय होतं, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? सरळ पट्ट्यात काही नाही, सरावात काही नाही. फक्त वळणावर, गर्दीत. हे त्याने ट्रेनरला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं, देवापुढे उभं राहूनही मनात आणलं नव्हतं.

“मला नाही आवडलं ते.”

आवाज बारीक होता. टेबलाच्या त्या टोकाला, इतका वेळ गप्प बसलेली, सगळ्यांत लहान मुलगी बोलली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं तशी ती कानापर्यंत लाल झाली, पण थांबली नाही.

“शेजारच्या घोड्यावर पण माणूस असतो ना. त्याला कुठे माहिती, ह्याने डोळे मिटलेत? त्याचं नावसुद्धा नाही पुस्तकात. तो पडला असता तर?”

“तो पडतच नाही पण.”

“पुस्तकात नाही पडत,” ती म्हणाली.

मग चष्मेवाल्याने तो प्रश्न विचारला, जो येणार हे बारक्याला मघापासून दिसत होतं. “काका, खऱ्या शर्यतीत कोणी असे डोळे मिटतं का?”

सगळे चेहरे त्याच्याकडे वळले. चिऊचाही.

“नाही रे,” तो म्हणाला. “असं कोणी करत नाही. केलं तर... त्याला घोड्यावर बसूच द्यायला नको.”

“बघा!” लहान मुलगी म्हणाली.

परत जाताना चिऊ त्याचा हात धरून चालत होती. ती आता एवढी मोठी झाली होती की रस्त्यात बापाचा हात धरायची तिला लाज वाटे. आज तिने आपणहून धरला होता. दुकानं उघडली होती, फुटपाथवर कोणीतरी बादलीने पाणी मारत होतं. मग ती म्हणाली, “बाबा, मी ती पुस्तकं आता वाचत नाही.”

“अगं, मग दर शनिवारी तिथे जातेस कशाला?”

“ऐकायला.” ती खाली बघत चालली होती. “तू पडलास ना, तेव्हापासून मी आधी त्या चष्मेवाल्याला विचारते, ह्या भागात शिलेदार पडतो का. तो नाही म्हणाला तरच घेते. मग घेते पण उघडत नाही. नुसतं ते बोलतात ते ऐकते. सगळे म्हणतात की तो ठीक आहे.”

बारक्याने चालता चालता तिला आपल्याकडे ओढून घेतलं.

“उद्या तुझी रेस आहे?”

“आहे.”

“चांगला घोडा आहे?”

“लाखात एक.”

तिने हात आणखी घट्ट धरला. तिच्या तळव्याला घाम होता. की त्याच्या होता, कोण जाणे.

घोडा खरोखरच चांगला होता. उमदा, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. पडल्यापासून बारक्याला मिळत होती ती मागे राहणारी, कोणाला नको असलेली जनावरं. हा घोडा ट्रेनरने मालकाशी भांडून त्याला दिला होता. “माझा बारक्या बसेल नाहीतर घोडा तबेल्यात राहील,” असं तो मालकाच्या तोंडावर म्हणाल्याचं साऱ्या तबेल्याला कळलं होतं. ट्रेनर तसा तोंडाने फाटका, पण माणूस धरून ठेवणारा. बारक्या पोरसवदा असताना त्याच्याकडे आला होता आणि आता बारक्याच्या कानावरचे केस पिकले होते. एवढ्या वर्षांत बारक्याने मोठी शर्यत एकही मारली नव्हती, पण लबाडीचा डागही लावून घेतला नव्हता. ‘बारक्या बसलाय म्हणजे घोडा प्रामाणिकपणे पळणार,’ एवढीच त्याची कीर्ती होती.

रविवारी दुपारी बारक्या जॉकींच्या खोलीत बूट हातात घेऊन बसला होता. शेजारच्या बाकावर उंच्या बसला होता. जॉकींमध्ये जो बोटभर जास्त भरतो तो उंच्या. दोघांचा एकत्र प्रवास, एकत्र डबे, एकमेकांच्या घरी जाणं-येणं.

“काय रे, पोरीचं लग्न असल्यासारखा काय बसलायस?” उंच्याने कोपर मारलं. “जिंकशील आज. मी दुसरा येईन, वाईट वाटून घेणार नाही.”

“कुठून सुटतोयस तू?”

“तुझ्या शेजारूनच. बाहेरच्या अंगाने. आज मी तुझा शेजारी.”

बारक्या उठून बेसिनपाशी गेला, तोंडावर पाणी मारलं. आरशात बघितलं तर डोळे सताड उघडे होते. जणू काही झालंच नव्हतं त्यांना.

त्या क्षणी जाऊन सांगता आलं असतं. ट्रेनर बाहेरच उभा होता, घोड्याच्या पायावरून हात फिरवत. बारक्या दारापर्यंत गेलाही. ट्रेनरने त्याला पाहिलं आणि त्याच्या रापलेल्या तोंडावर असं काही हसू आलं की बारक्याने नुसता टोपीचा पट्टा आवळला. “ये,” ट्रेनर म्हणाला, “तुझीच वाट बघतोय बघ हा.” आणि त्याने बारक्याचा पाय धरून त्याला वर चढवलं.

गेट उघडलं. पहिला टप्पा त्याला नीट आठवतो. घोडा पाण्यासारखा पळत होता, लगामाला हलका, कान पुढे. मधल्या घोळक्यात तो आत शिरला. डाव्या हाताला एक काळा घोडा, उजव्या हाताला उंच्या. उंच्याचं तोंड मातीने माखलं होतं आणि तो दात काढत होता. पुढे तीन घोडे एका रांगेत. आणि मग वळण.

आवाज बदलला. सरळ पट्ट्यात टापा मागे पडत जातात, वळणावर त्या एकमेकींवर आदळतात. रिकिबीला रिकीब घासली. कोणीतरी शिवी घातली. बारक्याला आपल्या पापण्या जाणवल्या. ओल्या चादरीसारख्या जड, खाली खाली येणाऱ्या. त्याने दात आवळले, गुडघे आवळले. पापण्या त्याचं ऐकत नव्हत्या. अर्धं जग गेलं. उरलेल्या फटीतून त्याला उंच्याचा गुडघा दिसला, मातीने भरलेला पांढरा गुडघा, हातभरावर. शेजारच्या घोड्यावर माणूस होता.

त्याने लगाम खेचला. सगळं बळ लावून, मागे झुकून. तपकिरी घोड्याने मान झटकली, तोंड वासलं, विश्वासच बसेना त्याचा. पुढचे घोडे पुढे गेले, उंच्या पुढे गेला, मागचेही बहुतेक दोन्ही अंगांनी निघून गेले. कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून बारक्याने घोडा पार बाहेरच्या कडेला काढला. तिथे डोळे पूर्ण मिटले, आणि तेवढा एक क्षण तो एकटा, कोणाच्याही शेजारी नसलेला, अंधारात पळत राहिला.

उघडले तेव्हा स्टँड ओरडत होता. शेवटून दुसरा आला तो. कठड्याशी आल्यावर शब्द वेगळे ऐकू येऊ लागले. “विकला गेला रे! बारक्या विकला गेला!” कोणीतरी पाण्याची बाटली फेकली. ती घोड्याच्या पायाशी पडली आणि घोडा बिचकला. बारक्याने त्याच्या मानेवर थोपटलं. “तुझी चूक नाही,” तो म्हणाला. “तुझी काहीच चूक नाही.”

पंचांच्या खोलीत बोलावणं येणार हे उघडच होतं. तीन माणसं टेबलामागे, बाजूला पडद्यावर तीच शर्यत पुन्हा पुन्हा. लांबून पाहताना काही शंकाच राहत नव्हती. चांगला पळणारा घोडा, आणि वर बसलेला माणूस त्याला मुद्दाम मागे ओढतोय. उंच्यालाही साक्षीला बोलावलं होतं. तो भिंतीशी उभा होता, टोपी हातात घेऊन.

“हे काय आहे?” मुख्य पंचांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, असं बारक्याला वाटलं.

त्याच्या आधी शेजारी उभा असलेला ट्रेनरच बोलला. “साहेब, हा घोडा वळणावर बाहेर खेचतो. सकाळी सरावातही खेचला होता. मीच बारक्याला सांगितलं होतं, जोर करू नकोस, पाय दुखावेल म्हणून.”

हे साफ खोटं होतं. ट्रेनर आयुष्यात पंचांपुढे खोटं बोलला नव्हता, आणि आता बोलताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. मुख्य पंचांनी बारक्याकडे पाहिलं. “असंच झालं?”

नुसती मान हलवायची होती. मान हलवली की झालं. पुढच्या रविवारी पुन्हा घोडा, पुन्हा वळण. बारक्याला एवढी भीती कधीच वाटली नव्हती. घोड्यांच्या टापांखाली पडला होता तेव्हाही नाही. तेव्हा वेळच मिळाला नव्हता.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “घोडा चांगला आहे. माझे डोळे मिटतात.”

“म्हणजे?”

“वळणावर. गर्दी झाली की. मी मिटत नाही, आपोआप मिटतात. आज मिटायच्या आत बाहेर निघालो.”

पडदा चालूच होता. कोणीतरी उठून तो बंद केला.

“केव्हापासून?”

“पडलो तेव्हापासून.”

“आणि तरी घोड्यावर बसत होतास? एवढ्या माणसांमध्ये?”

“हो साहेब.”

मुख्य पंच बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले की लबाडीचा आरोप आम्ही ठेवत नाही, पण आजपासून घोड्यावर बसायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवू, आणि पुढे बसता येईल अशी आशा मनात ठेवू नये. हे त्यांनी हळू सांगितलं. बारक्याने मान डोलावली. शिक्षा ऐकताना त्याचे खांदे खाली आले. गेले कित्येक महिने ते वर होते, हे त्याला आत्ता कळलं.

बाहेर व्हरांड्यात ट्रेनर त्याच्याकडे न बघता म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर चढवलं असतंत?”

“नसतं.”

“म्हणून.”

ट्रेनरने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तबेल्याकडे निघून गेला. पळून तापलेला घोडा फिरवून गार करायचा होता.

उंच्या मागे राहिला होता. बारक्याला वाटलं, हा तरी येऊन खांद्यावर हात टाकेल. उंच्या आला, अगदी जवळ आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“गेल्या महिन्यात त्या ओल्या मैदानावर,” तो म्हणाला, “मी तुझ्या आतल्या अंगाला होतो. कठड्याला चिकटून.”

“हो.”

“तेव्हा मिटले होते?”

बारक्याने खोटं बोलावं असं स्वतः उंच्यालाच वाटत असावं, इतक्या आशेने त्याने विचारलं होतं.

“मिटले होते.”

“दोन लेकरं आहेत माझी. तुझ्या मांडीवर खेळलीत.” उंच्याचा आवाज फाटला. “माझ्या शेजारी बसून डबा खात होतास रे तू!”

तो थांबला नाही. बुटांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, दार आपटलं. बारक्या तिथेच उभा राहिला. त्याला हाक मारायचा आपल्याला हक्क नाही, एवढं त्याला कळत होतं.

संध्याकाळचं ऊन अजून खिडकीत होतं तेव्हा तो घरी पोचला. चिऊच्या आईला फोनवरून कळलं होतं. ती एका दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत नर्स होती. कोणाला केव्हा काय विचारायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिने पाणी दिलं. चिऊ दारातच येऊन चिकटली, त्याला खालून वर न्याहाळलं, मोडलंय का काही ते बघितलं.

“पडलास?”

“नाही.”

“जिंकलास?”

“नाही. चिऊ, काल मी त्या चष्मेवाल्याला खोटं सांगितलं. जॉकीचे डोळे मिटतात. माझे मिटायचे. आता मी घोड्यावर बसणार नाही.”

तिचा चेहरा आक्रसला, सुटला, पुन्हा आक्रसला. बाप आता जॉकी नाही याचं तिला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी आनंदही होत होता, आणि दोन्ही एकदम कसं लपवायचं हे त्या वयात तिला जमत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “मग उद्या पहाटे तू घरी?”

“घरी.”

“परवा पण?”

“परवा पण.”

“मग करणार काय तू?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं, आणि विचारलं म्हणून लगेच जीभ चावली.

“माहीत नाही,” बारक्या म्हणाला. हे मात्र खरंच भीतीचं होतं, आणि ती भीती त्याच्या शेजारी येऊन बसली होती, नवी, अनोळखी. पण ही दिवसाउजेडी, डोळे उघडे ठेवून बघता येण्यासारखी होती.

बायकोने ताटं घेतली. नेहमीच्या सवयीने तिने त्याच्या ताटात वाढलं, वाटीभर भात आणि पळीभर भाजी, जेमतेम ताटाचा मधला भाग झाकेल एवढं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या घरात बारक्याला कोणी कधी आग्रह केला नव्हता. जॉकीचं वजन वाढलं की घोडा गेला, म्हणून वजनकाट्याची धास्ती आधी त्याला असे, मग साऱ्या घराला. सणासमारंभाला तो पहिला घास घेऊन उठत असे आणि गच्चीवर फेऱ्या मारत असे.

तिघं जेवायला बसली. त्याचं ताट लवकर रिकामं झालं. तो उठेल म्हणून बायकोने ते उचलायला हात पुढे केला.

बारक्या उठला नाही. त्याने ताट थोडं तिच्याकडे सरकवलं.

“अजून वाढ,” तो म्हणाला.

तिचा ताटाकडे आलेला हात तसाच थांबला. मग तिने वाढलं, आणि मान वळवून भांड्यावर झाकण ठेवायच्या निमित्ताने बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. बारक्या सावकाश, एकेक घास चावून, पोट भरेपर्यंत जेवत होता.